मी तिले काहीच म्हटलं नाही

राजापेठ, अमरावती
९ जून २०२४

सीमाताई, राम राम.

पत्र पाहून दचकू नका, सगळं बरं आहे. फोनवर मले अर्धंच ऐकू येते हे तुमाले माहीत आहे. कानात मशीन घातली की शिट्टी वाजते. मागच्या बारीले तुमी विचारलं, अमरावतीत ऊन कसं आहे, अन् मी सांगतलं, ऊस यंदा गोड नाही. हे तर तोंडावर पदर घेऊन, म्हंजे रुमाल घेऊन हसत होते. म्हणून ठरवलं, आता विहीणबाईंशी कागदावरच बोलू. पोरांच्या लग्नाले दीड वर्ष झालं, पण मांडवात तुमी अन् मी जुन्या सिनेमावर जे बोलत बसलो होतो, ते माझ्या अजून ध्यानात आहे. पंगती उठून गेल्या तरी आपलं संपलं नव्हतं.

काल दुपारी टीव्हीवर तो वकिलाचा लागला होता. तुमी पाह्यला असंल. वकिलाले बायकोवर संशय येते अन् तो तिच्याशी बोलणंच सोडते. एकाच घरात सात वर्षं! ती ताट वाढते, तो जेवते, उठून जाते. शेवटी म्हातारा नोकर मरता मरता खरं काय ते सांगते, अन् मंग वकील पहिल्यांदा तिचं नाव घेते. ती दारातच खाली बसते. मी लय रडली. बोलणं तर मले समजत नाही, मी तोंडं पाह्यते. त्या हिरोचं तोंड पाहा तुमी. आतून जळून राहिला, पण एक शब्द नाही. आताच्या हिरोले हे जमणार नाही, त्याचं तोंड बंदच राहत नाही. एक मात्र पटलं नाही. सात वर्षांत त्या बाईचा गजरा काही सुकला नाही.

मे महिन्यात मी नागपूरले कुलदीपकडे पंधरा दिवस राहून आली. काय शांत घर आहे! पौर्णिमा कामाची आहे, अन् सारखी हसतमुख. पोरगी चांगली दिली तुमी आमाले. तुमचं सिनेमाबद्दल मत लिहा.

तुमची विहीण,
जमुना


जठारपेठ, अकोला
२१ जून २०२४

जमुनाताई,

नमस्कार. पत्र वाचून बरं वाटलं. शाळेतून रिटायर झाल्यापासून माझ्या नावाने फक्त बँकेची पाकिटं येतात.

वकिलाचा सिनेमा मी लहानपणी थेटरात पाहिला होता, आईच्या मांडीवर बसून. आई रडली म्हणून मी रडले. तुमचं पत्र आल्यावर फोनवर शोधून पुन्हा पाहिला. खरं सांगू? या वेळी रडू आलं नाही, राग आला. त्याने पहिल्याच दिवशी तिला विचारलं असतं तर सिनेमा दहा मिनिटांत संपला असता. आणि सात वर्षं ती बाई दिवसभर बोलत असेल तरी कोणाशी? ते दाखवलेलंच नाही. तो खिडकीत उभा आहे, तो सिगरेट ओढतो आहे, तो पावसाकडे पाहतो आहे. ती फक्त ताट घेऊन येते आणि जाते. म्हातारी झाले म्हणून असं वाटत असेल. तुम्ही मनावर घेऊ नका.

पौर्णिमा इकडे आली आहे. थोडे दिवस राहील. परवा आम्ही दोघींनी तो खानावळीचा विनोदी सिनेमा पाहिला, ज्यात आचारी शेठ बनून गादीवर बसतो आणि खरा शेठ कांदे चिरतो. कितीही वेळा पाहिला तरी त्या कांद्यांना हसू येतंच. पौर्णिमा खळखळून हसली, आणि मग आपल्याच आवाजाने दचकल्यासारखी एकदम गप्प झाली.

सहज विचारते, कुलदीपराव लहानपणापासून कमी बोलतात का हो?

वामनरावांना नमस्कार.

तुमची,
सीमा


राजापेठ, अमरावती
२ जुलै २०२४

सीमाताई, राम राम.

पौर्णिमा माहेरी आली, मले कोणीच सांगतलं नाही! मी पत्र वाचलं अन् मनात म्हटलं, आता समजलं. विहीणबाई सिनेमाच्या आडून काहीतरी गोड सांगून राहिल्या. तिसरा महिना लागेपर्यंत सांगू नये म्हणतात, ठीक आहे, मी कोणाले बोलत नाही. आमचे शेजारी नत्थुजी अकोल्याले चालले, त्यांच्याजवळ लोणच्याची बरणी पाठवून राहिली. आंबट लागते या दिवसांत. पोरीले म्हणा, सासूनं स्वतः घातलं आहे, लाजू नको.

तुमी कुलदीपचं विचारलं. तो बापावर गेला. हेही मोजकंच बोलतात. भारदस्त माणसं अशीच असतात, ताई. बडबड्या माणसाले घरात मान राहत नाही.

या हप्त्यात त्या पेटीवाल्या बाईचा पाह्यला. लोखंडी पेटी घेऊन नवऱ्याचं घर सोडते ती. काहून, तर तो उशिरा घरी येते, तिच्याकडे लक्ष देत नाही. शेवटी धरमशाळेत खोकून खोकून मरते. जुन्या सिनेमात बाई एकदा खोकली की समजायचं, हिचं काही खरं नाही. पण मले वाटलं, दाखवलं ते बरोबर दाखवलं. एवढ्या बारीक गोष्टीवर कोणी घर सोडते का? त्या नवऱ्यानं तिले मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. तुमाले काय वाटते?

पोरीले जपा. जड उचलू देऊ नका.

जमुना


जठारपेठ, अकोला
१७ जुलै २०२४

जमुनाताई,

बरणी मिळाली. लोणचं चांगलं मुरलं आहे. पण तुम्हाला वाटलं तसं काही नाही. गोड बातमी नाही. तुम्ही इतक्या आनंदाने लिहिलंत की हे लिहायला मला पंधरा दिवस लागले.

पेटीवाल्या बाईबद्दल माझं मत विचारलंत. ती धरमशाळेत मेली, कारण सिनेमा काढणाऱ्यांनी तिला मारली. ती जगली असती, कुठे शिवणकाम करून, एखाद्या खोलीत, संध्याकाळी स्वतःपुरती भाकरी टाकून, तर थेटरातून घरी गेलेल्या बायकांनी काय केलं असतं कोण जाणे. म्हणून तिला खोकला दिला. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, एवढंच नवऱ्याने करायचं असतं का? मग गोठ्यात आणि घरात फरक काय?

रागाने लिहिते आहे असं वाटेल. राग आहे, पण तुमच्यावर नाही.

पौर्णिमा नागपूरला इतक्यात जाणार नाही. कारण विचारू नका. तिनेच मला शपथ घातली आहे की सासूबाईंना कळवू नकोस, त्यांना वाईट वाटेल.

सीमा


राजापेठ, अमरावती
२६ जुलै २०२४

सीमाताई,

कारण विचारू नका म्हणता? लेक तुमची असंल, पण सून माझी आहे. मी पत्र यांना वाचून दाखवलं. यांनी तिथंच कुलदीपले फोन लावला. तो म्हणते, "मी तिले काहीच म्हटलं नाही. विचारा तिले." मंग झालं काय? माझं पोरगं हात उगारत नाही, दारूले शिवत नाही, सुटीच्या दिवशी घरी राह्यते. लोकांच्या पोरी कायकाय सोसून राहिल्या, अन् तुमची पोरगी हसतखेळत निघून आली.

हे म्हणतात, मास्तरीणबाईंनी सिनेमा पाहून पोरीच्या डोक्यात भरवून दिलं. मी म्हटलं, नाही, त्या तशा नाहीत. पण गोठा हा शब्द माझ्या लेकाच्या घराले तुमी लावला, तो माझ्या मनातून जात नाही.

सोयरीक जुळवणारे शेषराव आहेत, त्यांना मधे घालून बैठक बोलवायचं यांनी ठरवलं आहे. तोवर पत्र लिहू नको, असं मले यांनी सांगतलं. हे शेवटचं.

जमुना


जठारपेठ, अकोला
४ ऑगस्ट २०२४

जमुनाताई,

तुम्हाला लिहायची मनाई असेल, मला नाही. पौर्णिमाची शपथ मी आज मोडते आहे. तिला सांगूनच मोडते आहे.

कुलदीपराव खरं बोलले. त्यांनी तिला काहीच म्हटलं नाही. फेब्रुवारीपासून काहीच म्हटलेलं नाही. एक शब्दही नाही.

फेब्रुवारीत दोघं त्यांच्या ऑफिसातल्या मित्राकडे जेवायला गेले होते. तिथे गप्पा निघाल्या त्या जुन्या सिनेमांच्या. कुलदीपराव म्हणाले, नावाड्याच्या त्या सिनेमात शेवटी नावाडी बुडतो. पौर्णिमा माझ्याच हाताखाली वाढलेली. ती हसून म्हणाली, "अहो, तुम्हाला झोप लागली असेल. तो बुडत नाही, पलीकडे निघतो." सगळे हसले. तेही हसले, असं ती सांगते. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "दूध घ्यायचं का?" उत्तर आलं नाही. त्यानंतर आलंच नाही.

तिने माफी मागितली. पहिल्यांदा हसत, मग रडत, मग कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवून. तो कागद त्यांनी काढलाही नाही, वाचला असं दाखवलंही नाही. त्याच फ्रिजमधून रोज पाणी घेत होते. काही सांगायचं असलं तर कामवाल्या आशाबाईंना सांगायचे, ही समोर उभी असताना. "मॅडमला सांगा, मी उद्या नसेन." रविवारी आशाबाई येत नसत. त्या दिवशी घरात फक्त टीव्ही बोलायचा.

मे महिन्यात तुम्ही तिथे होतात. ते तुमच्या कानाशी मोठ्याने बोलायचे, ही तुमच्याकडे पाहून हसायची. तुम्हाला कसं कळणार? त्या पंधरा दिवसांत तिला तुमचा फार आधार वाटला, कारण तुम्ही तिला नावाने हाक मारत होतात.

जून महिन्यात एकदा दारावर भाजीवाला आला. तिने पालक घेतला, आणि त्याला विचारलं, "भाऊ, मी तुम्हाला दिसते ना?" तो घाबरून निघून गेला. त्याच दुपारी तिने मला फोन केला. मी जाऊन तिला घेऊन आले. ती हसतखेळत आलेली नाही, जमुनाताई.

कुठे डाग नाही, खूण नाही. लोकांना काय दाखवू?

सीमा


राजापेठ, अमरावती
२९ ऑगस्ट २०२४

सीमाताई,

तुमचं पत्र मी यांना दाखवलं नाही. डाळीच्या डब्यामागं ठेवून चार-पाच बाऱ्या वाचलं. मले राग आला, तुमचा. मंग वाटलं, पोरगी खोटं बोलून राहिली. मंग मीच नागपूरले गेली. यांना सांगतलं, पोराची आठवण येते.

कुलदीपनं स्टँडवरून आणलं, चहा केला. मी फ्रिजपाशी गेली. कागद तिथंच होता, ताई. वरच्या कोपऱ्यात. माझं चुकलं, एवढंच लिहिलं आहे, अन् खाली तिचं नाव.

मी विचारलं, "हा कागद काहून काढला नाहीस?"

तो माझ्या कानाशी येऊन म्हणते, "आई, तू यात पडू नको. मी तिला हात लावला का? शिवी दिली का?"

"बोलला का?"

"तिला तिची चूक समजली पाहिजे."

"तिनं माफी मागतली ना."

"मनापासून नाही मागितली."

मी म्हटलं, "मनापासून मागतली का नाही, हे तुले न बोलता कसं समजलं रे?" तो उठून गॅलरीत गेला. मले त्याची पाठ दिसत होती. अन् ताई, ती पाठ मले ओळखीची वाटली.

तुमाले एक सांगते, कोणाले सांगतलं नाही आजवर. कुलदीप दुसरीत होता. मी माझ्या भावाच्या लग्नाले वरूडले गेली अन् यांना न विचारता दोन दिवस जास्त राह्यली. परत आली तं हे बोलेनात. वर्षभर बोलले नाहीत. "बाबांना सांग, ताट वाढलं," असं मी म्हणे, अन् पोरगं या खोलीतून त्या खोलीत पळे. "आई, बाबा म्हणतात, भूक नाही." त्याले तो खेळ वाटत असंल. मंग एक दिवस हे आपोआप बोलायले लागले, कपाशीले भाव काय म्हणून. मी देवापुढं साखर ठेवली. मले वाटे, माणसं अशीच असतात. म्हणून तो वकील मले एवढा आवडे.

मी गॅलरीत गेली. विचारलं, "तुले आठवते का, तू निरोप नेत होता ते?"

तो म्हणते, "आठवते. पण तू तर गेली नाहीस ना, आई."

ताई, मारलं असतं कोणी तं बरं झालं असतं. मी राह्यली, निभावलं, मले वाटलं लेकरासाठी केलं. अन् लेकरानं त्यातून हे उचललं, की बाई जात नाही.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच निघून आली. पौर्णिमाले घ्यायले मी येणार नाही. तुमी पाठवूही नका. बैठकीत सगळे तिलेच समजावतील. तुमी एकट्या पडू नका. मी येते.

गोठ्याचं मी मनातून काढलं.

जमुना


जठारपेठ, अकोला
१९ सप्टेंबर २०२४

जमुनाताई,

रविवारी तुम्ही गेलात तेव्हा नीट निरोपही घेता आला नाही. वामनराव गाडीत जाऊन बसले होते आणि हॉर्न वाजवत होते. तुम्हाला तो ऐकू येत नव्हता, तुम्ही शांतपणे चपला घालत होतात.

तुम्ही आमच्या पुढच्या खोलीत, सगळ्या पुरुषांसमोर उभ्या राहिलात. "माझ्या पोराचं चुकलं. त्याची माय आहे मी, म्हणून सांगून राहिली. सुनेले कोणी समजावू नका." एवढं बोललात, खाली बसलात आणि जमिनीकडे पाहत राहिलात. त्यानंतर काय काय झालं ते तुमच्यापर्यंत पोचलं नसेल. घरी कोणी सांगितलंही नसेल. तुम्हाला ते माहीत असावं म्हणून लिहिते. त्यात एक वाक्य वाईट आहे, पण गाळत नाही.

शेषराव म्हणाले, "बाईमाणूस आहे, भावनेच्या भरात बोलली." वामनराव म्हणाले, "हिचे कान गेले होते, आता डोकंही गेलं." कोणी हसलं नाही. कुलदीपराव तुमच्याकडे पाहत होते. मग शेषरावांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "अरे, बोलला नाहीस एवढंच ना? बोल मग. एक शब्द बोल अन् मिटव."

कुलदीपरावांनी तुमच्यावरची नजर काढली. मग भिंतीकडे पाहत म्हणाले, "चल."

पौर्णिमा आतल्या दारात उभी होती. ती म्हणाली, "ऐकू आलं मला. पण मी येत नाही."

"आणखी काय बोलावं त्यानं?" शेषराव चिडले.

"काही नाही," ती म्हणाली. "या एका शब्दासाठी मी तिथे रोज दार उघडत होते. आज तो आला, आणि मला काहीच वाटलं नाही. मला त्याचीच भीती वाटते, काका."

मग सगळे उठले. तुम्ही तेव्हा वर पाहिलंत.

आता पुढे काय, ते मलाही माहीत नाही. समोरच्या इंदूबाई रोज विचारतात, पोरगी अजून इथेच? वकिलाकडे जायचं की थांबायचं, यावर आमचं रोज बोलणं होतं आणि रोज अर्धवट राहतं. पौर्णिमा इथल्याच एका शिकवणी वर्गात पाचवी-सहावीच्या मुलांना शिकवायला लागली आहे. पहिले दोन दिवस तिचा घसाच बसला. एवढं बोलायची सवय राहिली नव्हती. रात्री झोपताना अजून रेडिओ चालू ठेवते.

तुमच्या घरी कसं आहे? खरं लिहा.

सीमा


राजापेठ, अमरावती
५ ऑक्टोबर २०२४

सीमाताई, राम राम.

तुमी सगळं लिहिलं, बरं केलं. डोक्याचं वाक्यही बरं केलं. मले वाटलंच होतं, त्यांच्या तोंडाचा आकार तसाच होता.

खरं लिहा म्हणता तं लिहिते. अकोल्याहून आल्यापासून हे माझ्याशी बोलत नाहीत. आता निरोप न्यायले घरात कोणी नाही, म्हणून टेबलावर वस्तू ठेवतात. रिकामा कप ठेवला म्हंजे चहा पाह्यजे. पिशवी ठेवली म्हंजे भाजी आण. मी आठ-दहा दिवस कप उचलले. एक दिवस कप तसाच राहू दिला. त्यांनी दुसरा ठेवला. संध्याकाळपर्यंत टेबलावर घरातले सगळे कप जमा झाले. मले हसू येत होतं अन् भीतीही वाटत होती. शेवटी ते बाहेर जाऊन टपरीवर चहा पिऊन आले.

कुलदीपचा फोन येते, बापाले. मले देत नाहीत. त्यानं तो कागद काढला का नाही, मले माहीत नाही. तो सुधरंल असंही मी तुमाले लिहू शकत नाही. पोटचा आहे, म्हणून वाटते सुधरावा. पण तेवढ्यासाठी तुमच्या पोरीनं परत जाऊन पाहावं, असं मी म्हणणार नाही.

दुपारचे सिनेमे बंद केले आहेत. काल लावून पाह्यला एक, तो डोळ्याच्या डॉक्टरचा. हिरोईन लय वेळ दारात उभी राहून वाट पाह्यते, मागं पडदे उडतात, गाणं होते. पहिले मी अशा वेळी डोळे पुसत बसे. काल म्हटलं, बाई, आत जाऊन जेवून घे.

आता जे लिहिते त्याची मले लाज वाटून राहिली. विहीण विहिणीच्या घरी राहायले गेली, असं आमच्या सात गावांत कोणी ऐकलं नसंल. लोक तुमाले अन् मले काय म्हणतील, तेही समजते. पण वरूडले भावाकडे गेली तं तो दुसऱ्या दिवशी मले परत आणून सोडंल. दसऱ्यापर्यंत मी तुमच्याकडे राहू का? तुमी नाही म्हणाल तं मले राग येणार नाही. पण हे पत्र पोचेपर्यंत मी वाट पाह्यली तं मंग माझं निघणं होणार नाही, हे मले माहीत आहे. म्हणून सोमवारी निघतेच. पत्र आधी पोचलं तं ठीक, नाही तं मीच घेऊन आली असं समजा.

आज यांच्यासमोर बॅग भरायले घेतली. हे पेपर वाचत होते. मी म्हटलं, "अकोल्याले जाते मी, सीमाताईकडे. केव्हा येणार हे समजून घ्यायचं असंल, तं तुमाले मले विचारावं लागंल." पेपर हालला नाही. पानही उलटलं नाही, बराच वेळ. मी तिथंच उभी राह्यली, त्यांचं तोंड दिसते का म्हणून. मंग साड्या घडी करायले गेली.

माझ्यासाठी येगळं काही करू नका. वरण-भाकर चालते. अन् पौर्णिमाले सांगा, मले डाव्या कानानं थोडं बरं ऐकू येते. त्या बाजूले बस म्हणा, अन् जे मनात येईल ते बोल म्हणा. नाही समजलं तं मी पुन्हा विचारीन.

जमुना